लाल दिवा लागला की आधी हात मागे

समजा, मे महिना आहे. अकोल्यातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर ठेवलेला आहे. दुपारी अडीचला लाइन जाते, यूपीएस टीं-टीं करतो, जनरेटर धडधडायला लागतो. लाइन परत येते तेव्हा सर्व्हरच्या तोंडावरच्या आठ हिरव्या दिव्यांपैकी एक लाल झालेला असतो आणि आतून एकसुरी शिट्टी येत असते. बाहेर बाकावर मूर्तिजापूरहून आलेला रुग्ण गेल्या वर्षीचा एमआरआय मागतोय. कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा डॉक्टरांना विचारतो, ‘‘सर, ते डिस्क काढून परत लावून पाहू का?’’

उत्तर आहे, ‘‘नको.’’ हा लेख त्या ‘नको’ची कारणं सांगण्यासाठी आहे. डिस्क आज ना उद्या जाणारच, पण एका डिस्कबरोबर आठही डिस्कांवरची माहिती जाते ती बहुतेकदा पुढच्या अर्ध्या तासात घाईने केलेल्या उपायांमुळे.

हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा राहिलेला नाही. राज्यात जुने सातबारा, फेरफार आणि खाते उतारे स्कॅन होऊन ज्या जिल्ह्यांत आधी ऑनलाइन पाहायला मिळाले, त्यांत अकोला आणि अमरावती होते. वऱ्हाडात जातपडताळणीसाठी कोतवाल बुकाचं पान शोधणारा, जमिनीच्या वादात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढणारा माणूस आता तहसील कचेरीतल्या बस्त्याइतकाच कुठल्या तरी डिस्कवर अवलंबून आहे. दवाखाने, पतसंस्था, कॉलेजं, बाजार समित्या, जिनिंगचे कारखाने, सगळीकडे तेच. बस्त्याला वाळवी लागली तर दिसते. डिस्कची वाळवी मात्र दिव्याचा रंग बदलेपर्यंत कळत नाही.

चौथी चिठ्ठी

मोठा साठा एका डिस्कवर ठेवत नाहीत. अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांची एकच मोठी डिस्क असल्यासारखं भासवतात. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून हे नाव रूढ झालं. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी बऱ्याच स्वस्त लहान डिस्क घ्या, हा त्यांचा मुद्दा होता. पण डिस्क वाढल्या की त्यांतली एखादी जाण्याची शक्यताही वाढते. म्हणून थोडी जागा हिशेबाच्या नोंदीसाठी राखायची.

हा हिशेब कापसाच्या वजनासारखा आहे. तीन भावांनी कापूस मोजला: १२ क्विंटल, ९ क्विंटल, १४ क्विंटल. तिघांच्या तीन चिठ्ठ्या झाल्या. चौथ्या चिठ्ठीवर एकूण बेरीज लिहिली: ३५. आता मधल्या भावाची चिठ्ठी हरवली तरी ३५ मधून १२ आणि १४ वजा केले की ९ परत मिळतात. दोन चिठ्ठ्या हरवल्या तर मात्र काही सांगता येत नाही. डिस्क बेरजेऐवजी सम-विषम मोजते, कारण तिच्याकडे फक्त शून्य आणि एक आहेत; आणि चौथी चिठ्ठी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून ठेवते. तत्त्व मात्र तेच. हे ‘रेड ५’: एक डिस्क गेली तरी चालतं. ‘रेड ६’ मध्ये वेगळ्या गणिताने काढलेली आणखी एक चिठ्ठी असते, त्यामुळे दोन गेल्या तरी निभावतं. ‘रेड १’ म्हणजे सरळ दोन सारख्या प्रती. ‘रेड ०’ मध्ये चिठ्ठीच नाही; वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं.

आपल्या सेंटरमध्ये १० टीबीच्या ८ डिस्क ‘रेड ६’ मध्ये आहेत असं धरू. दोन डिस्कांइतकी जागा चिठ्ठ्यांना गेली, उरली ६० टीबी. पण स्क्रीनवर ५४.५ दिसते आणि मालकाला वाटतं, दुकानदाराने फसवलं. तसं नसतं. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. जागा तितकीच, मापं दोन.

खरा घोळ वेगळ्या ठिकाणी होतो: ६० टीबी जोडले आणि दिसतात फक्त २. डिस्कवर जागेची वाटणी लिहिण्याची जुनी पद्धत ५१२ बाइटचे जास्तीत जास्त २ चा ३२ वा घात इतकेच कप्पे मोजू शकते. गुणाकार केला की साधारण २.२ टीबी येतो आणि तिथे भिंत लागते. डिस्क चांगली, केबल चांगली, वाटणीची पद्धत तेवढी जुनी. नव्या साठ्यावर ‘जीपीटी’ पद्धत निवडली की भिंत जाते. माहिती भरण्यापूर्वी हे पाहिलं तर पाच मिनिटांचं काम, भरल्यावर आठवड्याचं.

मोटर, स्टार्टर, डीपी

शेतात पाणी येत नसेल तर कुणीही आधी विहिरीतून मोटर उपसत नाही. डीपीवर फेज आहेत का, स्टार्टर पडला का, केबल कुठे कुरतडली का, हे पाहूनच मोटरीकडे जातात. डिस्कच्या संचातला बिघाडही याच क्रमाने शोधायचा. वीज, केबल आणि डिस्क ज्या पाटीत खोचतात ती बॅकप्लेन, मग डिस्कांचा कारभार पाहणारं कंट्रोलर कार्ड, मग डिस्क, मग डिस्कांचा संच, मग त्यावरची वाटणी, मग फाइल सिस्टिम, आणि शेवटी नेटवर्क. ‘फाइल उघडत नाही’ ही तक्रार सातांपैकी कुठल्याही पायरीवरून येऊ शकते.

यातला एक नियम पाठ करावा असा आहे: एक डिस्क गेली तर डिस्कवर संशय घ्या, तीन-चार एकदम गेल्या तर त्यांच्यात सामाईक काय आहे त्यावर घ्या. लाइन येताना झटका बसला आणि आठपैकी चार डिस्क एकाच क्षणी ‘गेल्या’ असं कंट्रोलर म्हणत असेल, तर चारही डिस्क खरोखर मेल्याची शक्यता फार थोडी. चौघींना वीज देणारी एक वायर, त्यांची एक केबल किंवा कार्ड गेलेलं असण्याचा संभव कितीतरी जास्त. अशा वेळी नव्या चार डिस्क घालून संच ‘नव्याने तयार’ करणं म्हणजे स्टार्टर पडला म्हणून विहीर बुजवण्यासारखं आहे.

डिस्क स्वतःही बोलते. प्रत्येक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वतःच्या तब्येतीची नोंदवही असते आणि ती एका आज्ञेत वाचता येते. तिच्यात डझनावारी आकडे असतात, पाहायचे फक्त चार. ५ क्रमांकावर खराब झाल्याने बदलून टाकलेले कप्पे. १९७ वर वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले कप्पे. १९८ वर तपासणीतही न वाचता आलेले कप्पे. हे तीन आकडे वाढत असतील तर डिस्क जाणार हे धरून चाला. चौथा १९९: डिस्क आणि कार्ड यांच्यामधल्या रस्त्यात बिघडलेले निरोप. हा एकटाच वाढत असेल तर डिस्क निर्दोष आहे, केबल बदला. कित्येक चांगल्या डिस्क दोनशे रुपयांच्या केबलपायी भंगारात जातात.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी तापमान वगळता कुठल्याही आकड्यातून पूर्वसूचना दिलेली नव्हती. म्हणजे नोंदवही घाबरवत असेल तर तिचं ऐका. ती गप्प आहे म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका.

तिसरी म्हणजे चौथी

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. काढून परत लावली तर काय होईल? समजा स्क्रीनवर आलं, ‘स्लॉट ३ नादुरुस्त’. मुलगा डावीकडून मोजतो, एक, दोन, तीन, आणि तिसरी डिस्क ओढतो. पण अनेक यंत्रं शून्यापासून मोजतात. स्लॉट ३ म्हणजे डावीकडून चौथी. आजारी डिस्क आतच राहिली, निरोगी डिस्क हातात आली. ‘रेड ६’ असेल तर संच कसाबसा तगतो, ‘रेड ५’ असेल तर तिथेच आडवा होतो.

म्हणून पहिला अर्धा तास असा घालवायचा. एक, दिव्यांचा आणि स्क्रीनवरच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढा, वेळ कागदावर लिहा. दोन, जमत असेल तर नव्या नोंदी टाकणं थांबवा. सेंटरचं नवं काम तात्पुरतं दुसऱ्या मशीनवर घ्या. तीन, डिस्कचा अनुक्रमांक स्क्रीनवर वाचा. बाहेर काढावीच लागली तर लेबलवर तोच आहे का ते जुळवा. बहुतेक सर्व्हरला विशिष्ट डिस्कचा दिवा लुकलुकवण्याची आज्ञा देता येते, ती वापरा. चार, एकाहून अधिक डिस्क काढायची वेळ आली तर प्रत्येकीवर मार्करने जागेचा क्रमांक टाका.

लिनक्सवर हजेरी पाहणं सोपं असतं. संचाच्या स्थितीत यू, यू, यू अशी अक्षरांची रांग दिसते. यू म्हणजे हजर, आडवी रेघ म्हणजे गैरहजर. शिवाय प्रत्येक डिस्कवर संचातल्या बदलांचा एक चढता आकडा लिहिलेला असतो. सगळ्यांचा आकडा ४८,२१० असेल आणि एकीचा ३१,००७ वर थांबलेला असेल, तर ती आज दुपारी नाही, कित्येक दिवसांपूर्वीच संचाबाहेर पडली होती. तिच्यावरची माहिती शिळी आहे. कुणाला बरोबर घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे त्या आकड्यावरून ठरतं. ‘नवा संच बनवा’, ‘इनिशियलाइझ करा’ असली बटणं दाबली की अनेकदा हे आकडे पुसले जातात, आणि डेटा रिकव्हरीवाल्याचा शेवटचा धागा तुटतो.

फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञाही या वेळी चालवू नये. ती हाती आलेली माहिती खरी मानून तिला न पटलेलं खोडते. खालचा संचच खोटी माहिती देत असेल तर ती खरं तेच खोडते. आधी प्रत्येक आजारी डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यायची. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं फुकट साधन आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणारा भाग मागे ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, म्हणजे मध्येच लाइन गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको. सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे, मूळ डिस्कवर एकही नाही.

कूलरची ओली हवा

आपल्याकडचा उन्हाळा हा या गोष्टीतला वेगळा अध्याय आहे. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हाच्या तडाख्यामुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. बहुतेक हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेल्या असतात. बाहेर ४५, जिन्याखाली ४८, पेटीच्या आत आणखी दहा, असा हिशेब केला की काठावर आलो. त्यात जिनिंगच्या हंगामात उडणारी रुईची बारीक पूड पंख्यांच्या जाळीवर बसते आणि हवा अडते. पंधरा दिवसांतून एकदा जाळी साफ करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मग लोक काय करतात? सर्व्हरच्या खोलीला वाळ्याचा कूलर लावतात. माणसाला बरं वाटतं, डिस्कला नाही. मायक्रोसॉफ्टच्या ९ डेटा सेंटरांतल्या १० लाखांहून अधिक डिस्कांचा रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उष्णतेपेक्षा हवेतल्या ओलाव्याने जास्त नुकसान केल्याचं दिसलं. ओलाव्याचा मार मुख्यतः डिस्कच्या कंट्रोलरवर आणि जोडण्यांवर पडत होता. खोलीला एसी परवडत नसेल तर सर्व्हर एसी असलेल्या खोलीत हलवा. कूलर मात्र नको.

आवाज आणि हादरे हेही डिस्कचे शत्रू आहेत. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तिच्यावरचं वाचनाचं टोक पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कांच्या रॅकसमोर उभं राहून जोरात आरोळी ठोकली आणि त्या क्षणी डिस्कांचा प्रतिसाद मंदावल्याचं आलेखावर दाखवलं. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. सुटलेल्या वायूच्या प्रचंड आवाजाने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेची सेवा कित्येक तास बंद राहिली. आपला जनरेटर सर्व्हरच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो दररोज थोडं थोडं तेच करतो. ‘सर्व्हर स्लो झाला’ अशी तक्रार जनरेटरच्या वेळांशी जुळते का, एकदा पाहावं.

लाइन जाण्याचा धोका वेगळा. चिठ्ठी आणि वजन दोन्ही एका वेळी लिहावं लागतं. वजन लिहिलं आणि चिठ्ठी लिहायच्या आधी वीज गेली, तर बेरीज जुळत नाही. चांगल्या कार्डावर यासाठी छोटी बॅटरी असते. लिहायचं राहिलेलं ती सांभाळून ठेवते. ही बॅटरी काही वर्षांत दम सोडते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. यूपीएसही नुसता असून चालत नाही. बॅटरी संपत आल्यावर त्याने सर्व्हरला व्यवस्थित बंद व्हायला सांगावं लागतं. त्यासाठीची केबल अनेक ठिकाणी यूपीएसच्या खोक्यातच पडून असते.

रिबिल्डची रात्र

खराब डिस्क ओळखली, बरोबर तीच काढली, स्टेपनी म्हणून ठेवलेली नवी डिस्क लावली. आता संच उरलेल्या डिस्कांवरून हरवलेली माहिती पुन्हा गणित करून नव्या डिस्कवर लिहितो. यालाच रिबिल्ड म्हणतात. १० टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरली तरी साडेअठरा तास लागतात. दिवसा काम सुरू असेल तर दोन-तीन दिवस. आणि या काळात उरलेल्या सातही डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात, एरवी कधीच वाचल्या जात नाहीत तशा.

धोका इथेच आहे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना न वाचता येणारी चूक जास्तीत जास्त एक, असं लिहिलेलं असतं. म्हणजे साडेबारा टीबीमागे एक. सात डिस्क म्हणजे ७० टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात, पण एवढ्या साठ्यासाठी ‘रेड ५’ का निवडू नये याला हा हिशेब पुरेसा आहे. ‘रेड ६’ मध्ये रिबिल्ड चालू असतानाही एक चिठ्ठी हातात शिल्लक राहते.

उपाय जुनाच आहे. गोदामातली ज्वारीची पोती अधूनमधून हलवतात, म्हणजे खालच्या थप्पीला कीड लागली तर वेळेत कळतं. डिस्कांचा संचही महिन्यातून एकदा पूर्ण वाचून तपासायचा. डेबियन लिनक्सवर ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. इतरत्र ती सुरू करून घ्यावी लागते.

आणि सगळ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं, की त्यांच्या काही एसएसडी प्रकारच्या डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, आतल्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे कायमच्या बंद पडतील; आतलं सॉफ्टवेअर बदलणं हाच उपाय. एकत्र सुरू केलेल्या अशा डिस्क एकत्रच बंद पडल्या असत्या. त्यापुढे ‘रेड ६’ काय आणि दुसरं काय.

एनएच ५३ वरून साठ टीबी

इतकं सगळं नीट केलं तरी रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड आठही डिस्कांवरून इमानेइतबारे पुसतं. खंडणीखोर व्हायरसने कुलूप लावलेली फाइलही ते तितक्याच निष्ठेने जपतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी माहिती उडाली. बॅकअपच्या आणि प्रतींच्या पाच पद्धती होत्या, त्यांतली एकही धडपणे चालत नव्हती. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, हा तिचा मोठेपणा.

बॅकअप दुसऱ्या गावात असावा. अकोल्याचा अमरावतीत, अमरावतीचा अकोल्यात. मोर्णेला पूर आला तरी तो अमरावतीत शिरत नाही. पण पाठवायचा कसा? १०० एमबीपीएसच्या लाइनवर ६० टीबी जायला ५५ दिवसांहून अधिक लागतील. त्याऐवजी डिस्क नीट फोममध्ये बांधून गाडीत ठेवा आणि एनएच ५३ या महामार्गाला लागा. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. दोन तासांत गाडी पोचली तर तिचा वेग ६६ जीबीपीएसच्या वर भरतो; एवढी लाइन आपल्याकडे कुठल्या दवाखान्याला मिळणार आहे? पहिली मोठी प्रत गाडीने न्या, मग रोजचे बदल तेवढे लाइनने पाठवा.

तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत असा सर्व्हर असेल तर या रविवारी दोनच कामं करा. सगळ्या डिस्कांचे अनुक्रमांक आणि जागा एका कागदावर लिहून तो सर्व्हरच्या दाराला आतून चिकटवा. वरची ओळ ‘मोजणी शून्यापासून’ अशी असू द्या. आणि बॅकअपमधून गेल्या वर्षीची कुठलीही एक फाइल काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. उघडली नाही, तर लाल दिवा लागायच्या आधीच तुम्हाला बिघाड सापडला. सोमवारी माणूस बोलवा.